बेळगावहून जर्मनीत: घर बसवताना, माणसे जोडताना

जर्मनीला निघण्याआधीची निम्मी तयारी बेळगावातच करावी लागते, आणि तिची सुरुवात कागदांवरील नावांपासून होते. सीमाभागातील आपल्या लोकांच्या कागदपत्रांत दोन नावे हमखास जुळत नाहीत. पहिले नाव गावाचे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे सरकारी नाव बेळगावचे बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या जन्मदाखल्यावर एक आणि नव्या पासपोर्टवर दुसरे, अशी स्थिती घरोघरी आहे. दुसरे नाव स्वतःचे. मराठी शाळेच्या दाखल्यावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर कधी आडनाव आधी येते, तर कधी वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर उरते. लग्नानंतर स्त्रियांच्या नावाचे तिसरेच रूप तयार होते. आपल्या तहसीलदार कचेरीत समोरचा कारकून हे सारे जाणतो आणि समजून घेतो. जर्मन कचेरीतील अधिकारी मात्र अक्षरास अक्षर लावून पाहतो, आणि त्याने तसे पाहणे हे त्याचे कामच आहे. म्हणून पासपोर्टवरील नाव प्रमाण मानून बाकीचे कागद जमतील तितके त्याच्याशी जुळवून घ्यावेत, जे जुळणार नाहीत त्यांच्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे, आणि शहराच्या नामांतराच्या अधिसूचनेची एक प्रत सोबत ठेवावी. लग्न झाले असेल तर विवाहनोंदणीचा दाखला निघण्यापूर्वीच काढावा. पत्रिका आणि छायाचित्रे तेथे पुरावा म्हणून चालत नाहीत.

व्हिसाच्या बाबतीत नातेवाइकांचा सल्ला जपून घ्यावा. कोल्हापूरच्या मावसभावाचा अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. कर्नाटकात राहणाऱ्याचा बेंगळूरच्या. अंतर, भाषा आणि ओळखीपाळखी यांमुळे आपल्याला पुणे-मुंबई जवळची वाटते, पण पत्ता कोणत्या राज्यातील आहे यावरच हे ठरते. जर्मन भाषेचे शिक्षण मात्र कोठेही घेता येते. माक्स म्युलर भवन पुण्यातही आहे आणि बेंगळुरातही. प्राथमिक पातळी, म्हणजे ए-१, निघण्यापूर्वी पूर्ण करावीच; ए-२ झाल्यास पहिले सहा महिने पुष्कळ सुसह्य होतात.

सामानाविषयी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध, तूप, खवा यांचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे, त्यामुळे बेळगावचा कुंदा कितीही प्रेमाने बांधून दिला तरी तो नेऊ नये. ताजा कढीपत्ताही पेटीत घालू नये, कारण ताज्या वनस्पतींना रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. शेंगाचटणी, लसणाची चटणी, मेतकूट, घरचा मसाला, आणि पहिल्या दिवशी भात शिजवता येईल इतका छोटा कुकर एवढे पुरे. तेथील बहुतेक मोठ्या शहरांत भारतीय किराणा मिळतो.

पहिले तीन महिने

घर शोधणे हे तेथील सर्वांत जिकिरीचे काम आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे असतात. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचे भाडे, आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा इत्यादींचा खर्च मिळवून होणारी रक्कम. वीज आणि इंटरनेट बहुधा याहूनही वेगळे. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेहून अधिक घेता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे. घर प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी, किल्ली हाती येण्यापूर्वी, कोणी कितीही घाई केली तरी पैसे पाठवू नयेत. “मालक परदेशी आहे, किल्ली टपालाने येईल” असे सांगणारी जाहिरात फसवणुकीची असते. मी स्वतः पहिल्या महिन्यात अशा एका जाहिरातीला जवळजवळ बळी पडलो होतो, आणि माझ्या कार्यालयातील एका वयस्कर सहकाऱ्याने तो मजकूर वाचून मला थांबवले. तेव्हापासून माझा नियम असा की, पैशांचा कोणताही व्यवहार करण्यापूर्वी तेथे दीर्घकाळ राहिलेल्या एका माणसाला कागद दाखवावा.

अनेक घरे स्वयंपाकघराविना भाड्याने मिळतात, हे ऐकून आपल्याकडील माणूस चकित होतो. ओटा, सिंक, शेगडी, कपाटे हे सारे आधीचा भाडेकरू उचलून नेतो किंवा नव्या भाडेकरूला विकतो. घर घेताना याची चौकशी करावी, आणि ताबा घेण्याच्या दिवशी भिंतीवरील प्रत्येक ओरखडा हस्तांतरणाच्या कागदावर लिहून छायाचित्रे घ्यावीत, कारण सोडताना अनामत याच कागदावर परत मिळते. आपल्या फोडणीची वाफ आणि हिवाळ्यात बंद ठेवलेल्या खिडक्या यांमुळे भिंतींना बुरशी धरते. दिवसातून दोन-तीन वेळा, बाहेर बर्फ असले तरी, खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडाव्यात.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात, आणि तिच्यासाठी घरमालकाचे सही केलेले पत्र लागते. या एका कागदावाचून पुढची बरीच कामे अडून राहतात. करक्रमांक नोंदणीनंतर काही आठवड्यांत टपालाने येतो. नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तेथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सदस्य म्हणून नोंद झाली की आयकराच्या आठ किंवा नऊ टक्के इतका चर्चकर पगारातून कापला जातो. बेळगावच्या कॅम्प भागातील ख्रिस्ती कुटुंबांनी हे आधी समजून घेऊन, विचारपूर्वक ठरवावे.

दारावरच्या घंटीवर आणि टपालपेटीवर आपले आडनाव त्याच दिवशी लावावे. आपल्याकडे पोस्टमनला गल्लीतील प्रत्येक घर तोंडपाठ असते, आणि आडनाव चुकले तरी पत्र पोहोचते. जर्मनीत इमारतीतील सदनिकांना सहसा क्रमांक नसतात. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते, आणि तेथील बराचसा सरकारी कारभार अजून पत्रांवर चालतो. आलेले प्रत्येक पत्र त्याच दिवशी उघडावे, फाईलला लावावे आणि त्यावरील मुदत भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावी. रेडिओ-दूरदर्शनच्या शुल्काचे पत्रही त्यांतच येईल. २०२१ मध्ये ठरलेला त्याचा दर महिन्याला १८ युरो ३६ सेंट असा आहे, आणि घरात दूरदर्शन संच नसला तरी प्रत्येक घराला ते भरावे लागते.

आरोग्यविमा सक्तीचा आहे. सार्वजनिक विमासंस्थेत कमावत्या सदस्याबरोबर उत्पन्न नसलेला जोडीदार आणि मुले जादा वर्गणीविना समाविष्ट होतात, म्हणून कुटुंब आणणाऱ्याने तरुणपणी स्वस्त दिसणाऱ्या खासगी विम्याकडे वळताना दहादा विचार करावा. खासगीतून सार्वजनिक विम्यात परतणे अवघड असते. रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११२, पोलिसांसाठी ११०, आणि दवाखाने बंद असताना तातडीच्या पण जिवावर न बेतलेल्या दुखण्यासाठी ११६११७, हे तीन क्रमांक घरातील सर्वांना पाठ असावेत. भारतीय वाहन परवाना तेथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. नोकरीचा परिवीक्षाकाळ सहा महिन्यांपर्यंत असू शकतो आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेने नोकरी संपू शकते. तोवर मोठी खरेदी आणि कर्ज टाळावे.

भाषेविषयी आपले बळ

घरात मराठी, बसस्थानकावर आणि कचेरीत कन्नड, बाजारात हिंदी किंवा दख्खनी, आणि गोव्याकडील सोयरे आले की कोकणी, अशी आपली रोजची रीत आहे. खडेबाजारात भाजी घेताना आपण ज्या सहजतेने भाषा बदलतो, ती सहजता पुण्या-मुंबईच्या माणसाला कष्टाने मिळवावी लागते. शिवाय आपल्याला एक गोष्ट लहानपणापासून ठाऊक आहे: शेजाऱ्याची भाषा बोलल्याने आपली भाषा उणी होत नाही. आपल्या आई-वडिलांनी कन्नडमध्ये अर्ज लिहिले आणि रात्री घरी मराठी वाचली. ही सवय घेऊन जर्मनीत गेलेल्या माणसाने केवळ इंग्रजीवर दिवस काढणे हे मला खरोखर दुःखाचे वाटते. मोठ्या कंपनीत इंग्रजीवर काम भागते, पण शेजार, मुलांची शाळा, दवाखाना आणि घरमालक यांच्याशी भागत नाही. आणि जो या चार ठिकाणी मुका राहतो तो दहा वर्षांनीही पाहुणाच राहतो.

जवळजवळ प्रत्येक गावात ‘फोल्क्सहोखशूल’ नावाची प्रौढशिक्षण संस्था असते. तेथे माफक शुल्कात संध्याकाळचे वर्ग चालतात, आणि वर्गातले सहाध्यायी तुर्कस्तान, युक्रेन, ब्राझील अशा देशांतून आलेले असतात. माझ्या ओळखीतील बहुतेकांची पहिली परदेशी मैत्री याच बाकांवर झाली. भाषेचा व्यवहारातील लाभही मोठा आहे: ‘ब्लू कार्ड’वर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास-परवान्यावर, काम करणाऱ्याला ए-१ पातळीवर कायम निवासाचा परवाना २७ महिन्यांनंतर मागता येतो, तर बी-१ या मध्यम पातळीवर २१ महिन्यांनंतर. ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला किंवा पतीला येण्यापूर्वी भाषापरीक्षेची अट नाही; मात्र या सवलतीचा अर्थ ‘शिकण्याची गरज नाही’ असा घेऊ नये. दिवसभर घरी राहणाऱ्या जोडीदाराला भाषेची गरज कमावत्यापेक्षाही अधिक असते, आणि घरखर्चातील पहिली फी तिच्या किंवा त्याच्या वर्गाची भरावी.

‘तू’ आणि ‘आपण’ हा भेद जर्मनमध्येही आहे. अनोळखी आणि वडीलधाऱ्या माणसाला ‘झी’ म्हणावे. ‘डू’ म्हणण्याची सूचना वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीकडून यावी लागते. आपल्या संस्कारात हे आधीच आहे, त्यामुळे ते जड जात नाही.

शेजार

आपल्या गल्लीत नवे बिऱ्हाड आले की शेजारीण चहा घेऊन जाते. जर्मनीत याच्या उलट आहे: नवागताने स्वतः दारोदार जाऊन आपली ओळख करून द्यायची असते. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येकजण “आम्हाला कोणी विचारलेच नाही” असे मनात धरून वर्षानुवर्षे कष्टी राहतात, आणि पलीकडच्या दारामागे शेजाऱ्यालाही हीच खंत असते. आल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांतील एखाद्या शनिवारी दुपारी घंटी वाजवावी, नाव सांगावे, कोठून आलो ते सांगावे आणि घरी केलेले बेसनाचे लाडू न्यावेत. त्यांत काजू-बदाम असल्यास तसे सांगावे, कारण अनेकांना त्यांची अॅलर्जी असते.

रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता पाळावी लागते. मिक्सर, ड्रिल, काचेच्या बाटल्या सार्वजनिक पेटीत टाकणे, हे सारे रविवारी वर्ज्य. दुकानेही बंद असतात, म्हणून शनिवारीच बाजार करावा. श्टुटगार्टच्या परिसरात ‘केअरवोखे’ म्हणजे जिना झाडण्या-पुसण्याची साप्ताहिक पाळी असते, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. काही भारतीय कुटुंबे ही पाळी चुकवतात किंवा कोणाला पैसे देऊन करवून घेतात. माझे मत असे की ती स्वतः करावी. सडा-रांगोळीच्या अंगणात वाढलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेरची झाडलोट परकी नाही; आणि जिन्यावर हातात फडके असताना शेजाऱ्याशी जितके बोलणे होते तितके वर्षभरात अन्यत्र होत नाही.

स्थानिक समाजात शिरण्याचा खरा दरवाजा म्हणजे ‘फेराइन’, नोंदणीकृत मंडळ. अशी सुमारे सहा लाख मंडळे त्या देशात आहेत: गायनाची, नेमबाजीची, भाजीपाल्याच्या वाफ्यांची, स्वयंसेवी अग्निशमन दलांची. जर्मन माणूस सहजासहजी घरी बोलावत नाही, पण दर मंगळवारी सायंकाळी एका कामासाठी भेटणाऱ्या माणसाशी त्याची हळूहळू पक्की मैत्री होते. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये कुस्तीची जुनी मंडळे आहेत. बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या पाहत वाढलेल्या तरुणाने तेथे पाय ठेवावा. तेथील कुस्ती मातीऐवजी गादीवर असते, पण लंगोटाच्या मैत्रीला भाषा फार लागत नाही. एकच मंडळ निवडावे, आणि किमान एक वर्ष चुकू नये. खुर्च्या लावण्याच्या आणि भांडी धुण्याच्या कामाला आधी पुढे व्हावे.

आपली माणसे

परदेशातील मराठी मंडळांची परंपरा जुनी आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. जर्मनीच्या मोठ्या शहरांतही मराठी मंडळी गणपतीला आणि दिवाळीला एकत्र येतात. तेथे सीमाभागातील माणसाला पहिला प्रश्न येतो, “महाराष्ट्रात कुठले?” आणि कन्नड संघाच्या कार्यक्रमाला गेल्यास, “कर्नाटकचे, तर मग घरी मराठी कसे?” दोन्ही प्रश्न अज्ञानातून येतात, द्वेषातून क्वचितच. त्यांनी मन कडू करून घेऊ नये. शांतपणे आपली हकीकत सांगावी आणि दोन्ही दारे उघडी ठेवावीत. गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी, चैत्र शुद्ध प्रतिपदेला येतात. पुरणपोळी आणि होळिगे यांचे पीठ एकच असते. सीमाप्रश्नावर आपले मत असते आणि ते असावे. परंतु हिवाळ्याच्या रात्री मूल तापाने फणफणले असता गाडी घेऊन धावून येणारा हुबळीचा शेजारी त्या मताहून जवळचा असतो, हे मी अनुभवाने सांगतो.

जेथे मंडळ नाही तेथे ते उभे करण्याचे शिक्षण आपण घरीच घेतलेले आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारखी गावे लोकवर्गणीतून मराठी साहित्य संमेलने भरवतात. ग्रंथदिंडी निघते, मंडप गावकरी घालतात, जेवणाची पंगत गाव उचलते, आणि हिशेब पंचमंडळींपुढे ठेवला जातो. परदेशातील मंडळाला हीच रीत लावावी. पहिल्या वर्षी नोंदणीच्या मागे लागू नये. महिन्यातून एका ठरलेल्या रविवारी चार-पाच कुटुंबांनी आळीपाळीने एकेकाच्या घरी जमावे; प्रत्येकाने एक पदार्थ आणावा, आणि यजमानावर स्वयंपाकाचा भार टाकू नये, नाहीतर तिसऱ्या महिन्यात बैठक बंद पडते. एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि परिचारिकांना आठवणीने बोलवावे, कारण कुटुंबवाल्यांच्या घोळक्यात तेच सुटतात आणि एकटेपणाचा मारही त्यांनाच अधिक बसतो. डिसेंबरात दुपारी साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, आणि ज्याचा फोन त्या दिवसांत लागेनासा झाला त्याच्या दारी प्रत्यक्ष जाऊन यावे.

वर्षभर बैठका टिकल्या की नोंदणीचा विचार करावा. नोंदणीकृत फेराइनसाठी किमान सात सदस्य, लेखी घटना आणि निवडलेले कार्यकारी मंडळ लागते. अर्जावरील सह्या नोटरीकडून साक्षांकित करून तो स्थानिक न्यायालयाच्या नोंदवहीकडे जातो. सार्वजनिक हिताचे मंडळ म्हणून मान्यता हवी असल्यास ती करखाते देते. खजिनदार नेमताना मैत्री पाहू नये, हिशेबाची शिस्त पाहावी. मंडळे मतभेदांनी कमी आणि न दाखवलेल्या हिशेबांनी अधिक मोडतात.

गणेशोत्सवासाठी नगरपालिकेचे किंवा चर्चचे सभागृह भाड्याने मिळते, पण ते सहा महिने आधी मागावे. सार्वजनिक कार्यक्रमात ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची असल्यास ‘गेमा’ या संगीत-स्वामित्व संस्थेकडे नोंद करून शुल्क भरावे लागते. रस्त्यावर ढोल-ताशा वाजवायचा तर पालिकेची परवानगी हवी. विसर्जन नदीत किंवा तळ्यात परवानगीशिवाय करू नये. शाडूची छोटी मूर्ती घरी बादलीत विरघळवावी आणि ती माती कुंडीत घालावी. आरतीला शेजाऱ्यांना बोलवावे आणि मोदकात काय आहे ते सांगावे. माझ्या इमारतीतील एक वृद्ध गृहस्थ आता दरवर्षी तारीख आधी विचारून ठेवतात.

मुलांच्या मराठीविषयी थोडे. शाळा, मैदान आणि मित्र यांतून जर्मन आपोआप येते, तिची काळजी करू नये. घरात मात्र मराठीच बोलावी आणि मुलाने जर्मनमध्ये उत्तर दिले तरी रागावू नये, आपण मराठीतच पुढे बोलत राहावे. आठवड्यातून दोनदा आजी-आजोबांशी बोलणे ठरवावे. उन्हाळ्यात भारताची वेळ साडेतीन तास पुढे असते आणि हिवाळ्यात साडेचार, त्यामुळे तेथील दुपार बेळगावच्या संध्याकाळशी बरोबर जुळते. शाळा सक्तीची आहे आणि गावच्या जत्रेसाठी मधूनच रजा मिळत नाही, तेव्हा प्रवास शाळेच्या सुट्टीतच आखावा.

मागे राहिलेले घर

परदेशी निवासी झाल्यावर गावच्या बँकेतील साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घेणे बंधनकारक आहे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र मिळते. म्हणून खानापूरकडील किंवा चिकोडीकडील जमिनीच्या उताऱ्यावर नाव चढवणे, वाटण्या आणि मुखत्यारपत्र ही कामे निघण्यापूर्वी भावाबहिणींसमोर बसून उरकावीत. मागे राहिलेल्या भावाकडे आई-वडिलांच्या औषधोपचाराची जबाबदारी आपसूक जाते. त्याच्या कष्टांची जाणीव पैशांतही आणि शब्दांतही वेळोवेळी व्यक्त करावी.

आई-वडिलांना बोलवायचे ते पहिल्या हिवाळ्यात नव्हे, मे ते सप्टेंबरच्या दरम्यान. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांत चालणाऱ्या अल्पमुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्यविमा लागतो. खर्चाची हमी देणारे पत्र परदेशी नागरिकांच्या कचेरीत, पगाराचे कागद दाखवून करावे लागते, आणि त्याची मूळ प्रत बेळगावला कुरिअरने पाठवावी. ती मंडळी आल्यावर दोन दिवस विश्रांती झाली की त्यांना घेऊन प्रत्येक शेजाऱ्याची घंटी वाजवावी. मुलगा कोणत्या माणसांत राहतो हे आईला पाहायचे असते, आणि माझ्या आईने परतताना शेजारच्या बाईंना आपल्या हाताने केलेल्या शेंगाचटणीची बरणी दिली होती. त्या बाईंनी ती बरणी धुऊन, जर्दाळूचा मुरांबा भरून परत पाठवली.